ओशुन नदी आणि हन्नाचं मागणं

आजचं वाचन : 1 शमुवेल, अध्याय 1.

हन्नाचे ओठ हलतात, आवाज नाही. एली याजकाला ती प्यालेली वाटते. वाचताना मला नायजेरियातलं ओशोग्बो आठवलं. योरुबा लोक तिथल्या ओशुन नदीला देवी मानतात, लेकरं देणारी. ऑगस्टच्या उत्सवात अरुग्बा ही कुमारिका डोक्यावर नैवेद्याचा भोपळा घेऊन नदीकडे जाते. मूल मागायला आलेल्या बायका तिथलं पाणी पितात, घरीही नेतात. अलीकडे वरच्या अंगाला सोन्यासाठी खोदकाम झालं, पाणी गढूळ झालं. तरी पितात!

मी नदीपुढे हात जोडणार नाही. माझी प्रार्थना पाणी निर्माण करणाऱ्याला. पण त्यांना पटकन ‘अंधश्रद्धाळू’ म्हणते, तेव्हा माझाच एली होतो. त्याने निदान हन्नाचं ऐकून घेतलं, आणि मग शांतीने जा म्हणाला.