आजोबांची बंदूक : वारसा आणि परवाना

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरी हे आमचे गाव. एका अंगाला जंगल, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. धान पिकू लागले की रानडुकरे बांधीत उतरतात. त्यांना हुसकावण्यासाठी आजोबांनी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्या वडिलांची ठासणीची बंदूक ठेवली होती. नळीच्या तोंडातून काळी दारू व छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, मागे टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की बार उडे. दुसऱ्या बारासाठी पुन्हा तोच खटाटोप!

आजोबा वारले आणि बाबांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. आजी म्हणाली, "घरचीच वस्तू ना? मंग ठाण्यात काहून देली?" तिला उत्तर द्यावे म्हणून मी कायदा वाचला. त्याचे हे टिपण.

लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली, शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, गोऱ्यांना मात्र सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्याने हा भेद गेला, परवाना राहिला. परवाना व्यक्तीचा असतो, घराण्याचा नव्हे. म्हणून परवानाधारक वारल्यावर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला २०१६ च्या नियमांनुसार स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला, वारशाने आलेली धरूनही, दोनच बंदुका बाळगता येतात.

बंदूक जुनी असली की परवाना लागत नाही, असा गावात समज आहे. तो चूक आहे. केवळ वयाने सूट मिळत नाही. जुन्या घडणीचे किंवा पुरातन मोलाचे शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नसेल, तरच ते या कायद्याच्या बाहेर जाते. म्हणजे बंदूक केवळ आठवण म्हणून घरात हवी असेल, तर तिच्यातील बंदूक आधी मेलेली हवी. आजीला हे पटले नाही. बाबांनी अर्ज भरला.

अर्जासोबत इतर वारसांची संमती लागते. बाबा कागद घेऊन आत्याकडे गेले. तिने तो वाचला आणि विचारले, "वावरात माझं नाव लावाचं कोणाला सुचलं नाही. आता बंदुकीसाठी माझी सही पायजे का?"

२००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हेही मी त्याच आठवड्यात वाचले. लोखंडाच्या नळीसाठी आत्या वारस ठरते. मग धानाच्या बांधीसाठी का नाही?

बंदूक अजून ठाण्यात आहे, कोरा संमतीचा कागद आजीच्या कोनाड्यात. आत्याचे म्हणणे मला रास्त वाटते. बाबांना हे मी तोंडाने सांगू शकलो नाही. हा अंक घरी गेला की ते वाचतीलच.