मास्तर, तोंड उघडा

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. शहापूर, किन्हवली, मुरबाड या पट्ट्यात मी अठ्ठावीस वर्षं मास्तर होतो. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसरा हात वर घंटीच्या दोरीला आणि डाव्या गालात तंबाखू. भरलेल्या गाडीत गालातली चिमूट न हलवता 'पुढं सरका' ओरडायला कसब लागतं. माझ्याकडे ते होतं.

गालाच्या आत चट्टा आला, त्याची जखम झाली, मुंबईला तुकडा तपासला. पुढचं सगळं तुम्ही कुणाच्या तरी घरी ऐकलेलंच असेल. ऑपरेशनमध्ये गाल गेला, जबड्याचा तुकडा गेला, मानेतल्या गाठी काढल्या. गालाची जागा छातीच्या स्नायूनं भरली. नंतर रेडिएशनच्या तीस बैठका, शनिवार-रविवार सोडून सहा आठवडे. त्या काळात दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. श्रावणात घरी आलो तेव्हा गावाला वाटलं, मास्तर सुटले. मलाही तसंच वाटलं.

रुग्णालयातून निघताना फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला समोर बसवलं. "मास्तर, तोंड उघडा." माझीच बोटं एकावर एक धरून मला दातांमध्ये घालायला लावली. दोन बसली, तिसरं अडलं. मग आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचून मागच्या दातांमध्ये सरकवल्या. चौदा बसल्या. त्या चौदांना रबर लावून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "दिवसातून पाच वेळा. ही संख्या कमी होऊ द्यायची नाही. खांद्याचे व्यायाम कागदावर लिहिलेत." मी मान हलवली. घरी आल्यावर गोळ्या फळीवर ठेवल्या आणि काड्या देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात. गोळ्या म्हणजे औषध आणि काड्या म्हणजे पोरखेळ, असा माझा हिशेब.

तोंडात फोड होते, लाळ आटली होती, मानेची कातडी काळी पडली होती. त्यात जबडा ताणायचा म्हणजे डोळ्यात पाणी. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, "आता काही करू नका, आराम करा." आणि प्रत्येकाचे प्रश्न दोनच. वजन वाढलं का? जेवण जातं का? जेवण म्हणजे पेज. पेजेला दार किती उघडं लागतं! अर्ध्या इंचाच्या फटीतूनही ती जाते. म्हणून कुणाला काही दिसलं नाही, मलाही नाही.

दिवाळीत बायकोनं मऊ करंजी करून दिली. ती तोंडात जाईना. आरशासमोर उभा राहिलो, बोट घातलं. एक गेलं, दुसरं जाईना. कोनाड्यातल्या काड्या काढल्या. सहा बसल्या. तीन महिन्यांत आठ काड्या गेल्या होत्या.

का गेल्या, ते मला नंतर समजावून सांगितलं तसं सांगतो. रेडिएशन संपलं तरी त्याचं काम संपत नाही. किरण ज्या स्नायूंवर पडले ते हळूहळू आखडत, घट्ट होत जातात. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. ओलं चामडं उन्हात टाकलं की ते कसं आवळतं, तसं. चावायचे स्नायू कानाजवळून जबड्याला येतात, ते आवळले की तोंड मिटतं. धडधाकट माणसाचं तोंड चार-साडेचार सेंटिमीटर उघडतं. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा रुग्णांची मोजमापं घेऊन एक रेघ आखली: ३५ मिलिमीटर. त्याच्या खाली गेलं की खाणं, बोलणं, दात घासणं सगळं अडतं. माझी एक काडी साधारण दोन मिलिमीटरची. सहा काड्यांचं गणित तुम्हीच करा.

खाण्याचं एक वेळ सोडा. तोंड उघडलं नाही तर तपासणीत डॉक्टरला आत बघता येत नाही. दुखणं परत आलं का, हे त्याला कुठून कळणार? दाताचं काम करायचं तर तेही अडतं. म्हणून रेडिएशनच्या आधीच दात दाखवून घ्या. नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, कुजतं, असंही होतं.

आता खांदा. मानेतल्या गाठी काढतात तिथूनच एक नस खांद्याला जाते, हात वर उचलणाऱ्या स्नायूची. ती वाचवली तरी ताणली जाते आणि महिनोन्‌महिने निपचित राहते. खांदा खाली झुकतो, हात बाजूनं वर जात नाही. दोरीचा हात! मी कागद वाचलाच नव्हता. म्हटलं खांदा उतरला असेल, आणि एकाकडे गेलो. नाव घेत नाही. त्यानं गरम तेल लावून ओढला, वर शेक दिला. रेडिएशनच्या कातडीवर टरारून फोड आले आणि सांधा पार धरला. दोष निम्मा माझा, कारण मानेवर काय काय झालंय हे मी त्याला सांगितलंच नव्हतं.

तुमच्या घरी कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल, तर फिजिओथेरपिस्टला आधीच भेटा. आधी किती काड्या बसत होत्या हे लिहिलेलं असलं की पुढं भांडायला माप मिळतं. व्यायाम कधी सुरू करायचा हे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सांगतील, जखम भरायच्या आत स्वतःच्या मनानं नको. काड्या मागच्या घट्ट दातांवर ठेवायच्या, हलणाऱ्या दातावर नाहीत. ताण लागला पाहिजे, कळ यायला नको. फोडांच्या दिवसांत दुखणं कमी करायचं औषध मागून घ्या, ते घेतल्यावर व्यायाम करा, पण खाडा नको. जेवणाची नळी असली तरी गिळायचं बंद ठेवायचं की थोडं थोडं सुरू ठेवायचं, हेही विचारा. गिळायचे स्नायूही बसून राहिले की विसरतात. हात वर जात नसेल तर भिंतीवर बोटं चालवत न्या, रोज पोहोचाल तिथं पेन्सिलची खूण करा. आमच्या ओटीची भिंत त्या खुणांनी भरली आहे, रंग द्यायला बायको अजून थांबली आहे.

आणि व्यायाम नीट चालू असताना तोंड अचानक मिटायला लागलं, किंवा नवी गाठ, नवं दुखणं आलं, तर काड्या वाढवत बसू नका. सरळ डॉक्टर गाठा.

अंतराची अडचण मला माहीत आहे. मुरबाडला रेल्वे नाही. एसटीनं कल्याण, पुढं लोकल, एका भेटीत दिवस जातो आणि मजुरीही बुडते. मी मॅडमना विचारलं, तेव्हा दर वेळी यायची गरज नाही म्हणाल्या. आता दर पंधरा दिवसांनी नातू फोनवर माझं उघडलेलं तोंड त्यांना दाखवतो. आधी विचारलं असतं तर आधी जमलं असतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही फिजिओथेरपीची चौकशी करा. तिशीनंतर तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. आशाताई घरी आल्या की त्यांना ओटीवरून परत पाठवू नका. मी दोनदा पाठवलं होतं. टपऱ्यांबद्दल बोलत नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, एवढं वाचून हसणारे हसतील.

दोन वर्षं झाली. मॅडम म्हणतात, पस्तीस मिलिमीटर आता गाठणं कठीण, आणि सुरुवातीचे तीन महिने कुणी परत देत नाही. तांदळाची भाकरी बारीक कुस्करून आमटीत भिजवली की खातो. डावा हात कानापर्यंत जातो, दोरीपर्यंत जात नाही. काल रात्री काड्या मोजल्या, तेरा बसल्या. घरी आलो होतो तेव्हा चौदा होत्या.