शेत विकायच्या आधी

शोभा, भाऊजींनी आणलेलं ते स्टेम सेलची इंजेक्शनं देणाऱ्या क्लिनिकचं माहितीपत्रक मी वाचलं, व्हिडिओही पाहिला. त्यातला मुलगा वॉकर धरून उभा राहतो तेव्हा कुणाच्याही पोटात कालवतं. त्यात सासूबाई देव पाण्यात घालून बसल्यात. शेत विकून विलासरावांना ती इंजेक्शनं द्यायला तू ‘नको’ म्हणालीस, तर नवऱ्यापेक्षा जमीन प्यारी असा शिक्का तुझ्यावर बसेल. म्हणून नीट ऐक आणि लागेल तिथे माझं नाव पुढे कर.

व्हिडिओ खोटाच असेल असं नाही. पण मणक्याला मार बसल्यावर पहिल्या काही महिन्यांत शरीर आपसूकही थोडंफार सावरतं, विशेषतः माराच्या खाली थोडी जाणीव उरली असेल तर. शिवाय इंजेक्शनच्या जोडीला कसून फिजिओथेरपी करून घेतात. मग तो मुलगा कशामुळे उभा राहिला? पेशी दिलेले आणि न दिलेले, असे सारखेच रुग्ण शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

खरं संशोधन चालू आहे, हेही तुला माहीत हवं. जपानच्या केओ विद्यापीठाने ४ जणांच्या मज्जारज्जूत प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी सोडल्या आणि २०२५ मध्ये निकाल सांगितले. एक जण स्वतःच्या पायांवर उभा राहिला, दुसऱ्याचे हातपाय काहीसे हलू लागले, उरलेल्या दोघांत मोठा फरक पडला नाही. पण चौघांनाही या पेशी दुखापतीनंतर २ ते ४ आठवड्यांत मिळाल्या होत्या. विलासरावांना पडून वर्ष उलटलं. इतक्या दिवसांत मज्जारज्जूत व्रण घट्ट होतो, पोकळी राहते आणि ती ओलांडून मज्जातंतू जुळणं फार कठीण होतं.

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ असं भाऊजी म्हणतील. पोर्तुगालमध्ये एका तरुणीच्या मणक्यात तिच्याच नाकातल्या अस्तराच्या पेशी बसवल्या होत्या. ८ वर्षांनी पाठ दुखू लागली म्हणून पाहिलं, तर तिथे शेंबडासारखा द्रव पाझरणारी गाठ झालेली! ऑपरेशन करून ती काढावी लागली. पेशी आपल्याच शरीरातल्या असल्या तरी धोका टळत नाही.

आता पैशांचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: मणक्याच्या दुखापतीवर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. म्हणजे जिथे लाखांचं पॅकेज सांगतात, तिथे उपचाराच्या नावाखाली विक्री चाललीय. भाऊजींना सांग, क्लिनिकला फोन लावून विचारा: तुमच्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक काय? एथिक्स कमिटी कोणती? इजा झाली तर भरपाई कोण देणार? कुणी टाळाटाळ केली की समजून जायचं.

हातात असलेला पैसा आज जिथे लागतो तिथे लाव. खुर्चीसाठी चांगली गादी घे, व्हीलचेअर आत जाईल एवढं न्हाणीघराचं दार रुंद करून घे. अंथरुणावर असताना दर दोन तासांनी कूस बदलायची, खुर्चीत बसल्यावर अधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रोज आरशाने पाठ आणि बैठक तपासायची. बेडसोर आणि लघवीचा संसर्ग हेच या दुखण्यातले खरे वैरी. मुंबईला हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे दाखवून घे. सासूबाईंना हेच सांग, की उद्या खरा उपाय निघाला तर तो घ्यायला सांधे मोकळे आणि कातडी धड हवी.

एक नाजूक गोष्ट. २००४ साली अमेरिकेत अशा रुग्णांना विचारलं होतं, काय परत मिळालं तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? ज्यांचे फक्त पाय गेले होते, त्यांच्यातल्या सर्वाधिक लोकांनी चालणं नव्हे, शरीरसुख सांगितलं. लघवी-संडासवरचा ताबाही अनेकांना मोलाचा वाटला. आपल्याकडे हे कोण कुणाला विचारतं? सगळं घर विलासरावांच्या पायांवर बोलतंय आणि ते गप्प आहेत. रात्री दार लावून तूच विचार, तुम्हाला काय हवंय? लाजू नकोस, डॉक्टरांशीही यावर बोलता येतं.

रविवारी मी येतेय. भाऊजींशी मी बोलेन, पण त्याआधी तू विलासरावांशी बोलून ठेव.