डी.एन.ए. भेटताच उजळणारा रेणू

रोडपालीच्या परिसरातून वाहणाऱ्या कासाडी नदीचे नाव ऑगस्ट 2017 मध्ये दूरदूरच्या वर्तमानपत्रांत झळकले. शेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीतील भटकी कुत्री चक्क निळी दिसू लागली होती. एका कारखान्यातून बाहेर पडलेला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. रंग डोळ्यांना दिसला, म्हणून तक्रार झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला.

पण पाण्यात मिसळलेले जे डोळ्यांना दिसतच नाही, त्याचे काय? सांडपाण्यातील जंतू पेलाभर पाण्यात असले तरी ते पाणी नितळ दिसू शकते. प्रत्येक जंतूच्या पेशीत डी.एन.ए. असतो. पण तो रंगहीन आहे. 260 नॅनोमीटरच्या आसपासचे जंबुपार किरण तो शोषतो, मात्र स्वतः जवळजवळ प्रकाश देत नाही. म्हणून त्याला शोधणारा एखादा प्रकाशमान रेणू मुद्दाम तयार करावा लागतो. तो कसा योजतात, ते पाहू.

प्रकाश घेणे आणि देणे

नोटा तपासण्याचा दिवा तुम्ही दुकानात पाहिला असेल. त्यातून जंबुपार किरण निघतात आणि नोटेवरचे काही धागे चमकू लागतात. धाग्यांतील रेणू ऊर्जा शोषतात, तिचा थोडा भाग उष्णतेच्या रूपाने गमावतात आणि उरलेली ऊर्जा अधिक तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने परत देतात. याला अनुस्फुरण किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. फ्लुओरेसन्स हे नाव स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 च्या सुमारास दिले.

आता प्रश्न असा, की भरपूर चमकणारा कोणताही रेणू पाण्यात टाकला तर काम होईल का? होणार नाही. तो डी.एन.ए. असला तरी चमकेल आणि नसला तरी चमकेल. आपल्याला हवा आहे तो एकटा असताना अंधारात राहणारा आणि डी.एन.ए.ला चिकटताच उजळणारा रेणू. महत्त्व आहे ते या दोन अवस्थांतील फरकाला.

असा फरक पडतो कसा? काही रेणूंचे दोन भाग एका बंधाभोवती फिरू शकतात. पाण्यात मोकळे असताना ते गरगर फिरतात आणि शोषलेली ऊर्जा त्या हालचालीत खर्च होते. प्रकाशासाठी काही उरत नाही. डी.एन.ए.च्या खाचेत अडकल्यावर मात्र सकाळच्या पनवेल लोकलमधल्या उताऱ्यासारखी त्यांची गत होते. हलायला जागाच नसते. मग ऊर्जेला प्रकाशाची वाट धरावी लागते.

याचे उत्तम उदाहरण खाडीपलीकडे, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सापडते. तेथील ज्योतिर्मयी मोहंती व सहकाऱ्यांनी पवईच्या आय.आय.टी.तील संशोधकांसह 2013 मध्ये थायोफ्लेविन-टी या रंगद्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुणसूत्रांच्या टोकाशी असलेल्या डी.एन.ए.ची चौपदरी घडी पडते. तिच्याशी जोडले जाताच या रंगद्रव्याचा प्रकाश सुमारे 2100 पट वाढतो, असे त्यांना आढळले.

फांद्या कशासाठी?

थायोफ्लेविन-टी हा लहान, बिनफांद्यांचा रेणू आहे. काही रसायनशास्त्रज्ञ याच कामासाठी झाडासारखे शाखायुक्त रेणू घडवतात. त्यांतील एका जातीला डेंड्रिमर म्हणतात. ग्रीक भाषेत डेंड्रॉन म्हणजे झाड. अशा टप्प्याटप्प्याने शाखा फुटणाऱ्या रेणूंची वाट फोग्टले यांनी 1978 मध्ये दाखवली, आणि 1985 मध्ये टोमालिया यांनी डेंड्रिमर हे नाव रूढ केले.

फांद्यांचे फायदे तीन. पहिला विद्राव्यतेचा. प्रकाश देणारा भाग बहुधा चपट्या वलयांचा असतो. त्याला पाणी मानवत नाही. असे रेणू एकमेकांवर चवडीने रचले जातात आणि अनेकदा त्यांचा प्रकाश मंदावतो. फांद्यांच्या टोकांना विद्युत् भार असलेले गट जोडले, की पाणी त्यांना सामावून घेते.

दुसरा फायदा पकडीचा. डी.एन.ए.च्या पिळाच्या एका फेऱ्यात सुमारे दहा जोड्या असतात. प्रत्येक जोडीमागे दोन फॉस्फेट गट, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे वीस ऋण भार झाले. फांद्यांच्या टोकांवर धन भार ठेवले, तर प्रत्येक टोक फॉस्फेटकडे ओढले जाते. एक टोक सुटले तरी बाकीची धरून ठेवतात.

तिसरा फायदा प्रकाश गोळा करण्याचा. योग्य योजना केली तर अनेक फांद्या प्रकाश शोषून ऊर्जा मधल्या गाभ्याकडे पोचवतात.

पण अडचणीही आहेत. धन भाराचा रेणू डी.एन.ए.लाच चिकटेल असे नाही. साबणाचे किंवा मातीचे ऋणभारित कणही त्याला ओढतात आणि खोटा इशारा मिळू शकतो. शिवाय डी.एन.ए. आहे एवढेच कळते. तो कोणाचा, जिवंत जंतूचा की मेलेल्या, हे कळत नाही. तो कोणाचा हे जाणण्यासाठी विशिष्ट क्रम ओळखणारी पी.सी.आर.सारखी पद्धत लागते. 2020 मध्ये करोनाच्या चाचण्यांत तीच वापरली गेली, आणि तेथेही निकाल सांगणारा इशारा अनुस्फुरणाचाच होता.

करून पाहा

चिमूटभर हळद एका पेल्यात पाण्यात आणि दुसऱ्या पेल्यात स्पिरिटमध्ये ढवळा. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ ज्योत नको. शिक्षकांना सोबत घ्या. गाळ बसल्यावर अंधाऱ्या खोलीत दोन्ही पेल्यांवर नोटा तपासण्याचा दिवा धरा. दिव्याकडे थेट पाहू नका. हळदीचा पिवळा रेणू तोच, दिवाही तोच. मग एका पेल्यातला द्रव हिरवट पिवळा का उजळतो आणि दुसऱ्यातला फिका का राहतो? उत्तर वहीत लिहा आणि वरील मजकुराशी ताडून पाहा.