सोने गाळणारी माणसे

कोल्हापूरच्या गुजरीत सोन्याचांदीची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत. कोल्हापुरी साज घेण्यासाठी लोक दूरदूरहून येथे येतात. दागिना सर्वांना दिसतो. पण जुने सोने गाळून शुद्ध करणारा कारागीर कोणाला दिसत नाही. त्याच्या धंद्याला गलाई म्हणतात.

सोन्यासाठी माणसांनी मोठमोठे प्रवास केले आहेत. २४ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जेम्स मार्शल यांना नदीकाठी सोन्याचे कण सापडले. ही बातमी पसरताच काही वर्षांत सुमारे तीन लाख लोक तिकडे धावले. काहीजण श्रीमंत झाले, पण पुष्कळांच्या हाती काहीच लागले नाही.

आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील माणसेही सोन्यामागे गेली. पण त्यांची वाट निराळी होती. खानापूर आणि आटपाडी हे दुष्काळी तालुके. पाऊस कमी, विहिरी कोरड्या. शेतीवर पोट भरेना, तेव्हा तेथील तरुण गलाईचे काम शिकले आणि घराबाहेर पडले. केरळ, तमिळनाडू, दिल्ली, पंजाब अशा दूरच्या मुलखांत त्यांनी भट्ट्या पेटवल्या. त्यांनी जमीन खणली नाही. हातातील हुन्नर हीच त्यांची खाण होती.

हे काम कसे चालते? जुन्या सोन्यात चांदी व तांबे मिसळलेले असते. कारागीर त्यात आणखी चांदी घालून ते वितळवतो आणि शोऱ्याच्या तेजाबात उकळतो. तेजाब हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे! चांदी व तांबे तेजाबात विरघळतात. सोने मात्र विरघळत नाही. ते तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ही भुकटी धुऊन, टाकणखार घालून मुशीत तापवतात. मूस म्हणजे मोठी उष्णता सहन करणारे भांडे. सुमारे १०६४ अंश सेल्सिअसला सोने वितळते आणि पिवळे धमक दिसू लागते.

या कामात धोकाही आहे. तेजाबाचा तांबूस धूर छातीत गेला, तर फुप्फुसांना इजा होते. लहानशा खोलीत, भट्टीच्या धगीत तासन्तास बसावे लागते.

परमुलखात गेलेल्या पहिल्या माणसाचे दिवस तर फारच कठीण. भाषा वेगळी, जेवण वेगळे, ओळखीचे कोणी नाही. अशा माणसाच्या हाती सोनाराने आपले सोने का द्यावे? त्याला एकच उत्तर होते, इमानदारी. गुंजभर सोने कमी भरले, तरी नाव गेले! विश्वास बसला की तो गावाकडून भावाला, भाच्याला बोलावून घेई. शिकणारा पोरगा रात्री त्याच भट्टीशेजारी झोपे. गावी आई पत्राची वाट पाही.

संकटेही आली. १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणले. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवण्यास बंदी झाली. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले. सोनाराचे काम थांबले की गलाईची भट्टीही थंडावते. पुढे १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला.

आज टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी या दुष्काळी भागात पोहोचले आहे. आता गावी परतावे, की जेथे मुले वाढली तेथेच राहावे? हा प्रश्न अनेक घरांत आहे. सोने शुद्ध करणे सोपे. हे उत्तर शोधणे कठीण.

स्वाध्याय
१. खानापूर, आटपाडीचे तरुण घराबाहेर का पडले?
२. तेजाबात कोणते धातू विरघळतात? तळाशी काय राहते?
३. तुमच्या ओळखीचे कोणी कामासाठी परगावी गेले आहे का? त्यांच्याविषयी पाच वाक्ये लिहा.