जाड काप आणि हुकणारे माप

सभासद बंधूंनो,

या पानावर एरवी आपण बेणे, खत आणि खोडव्याविषयी बोलतो. या खेपेस विषय लेथचा आहे. आपल्यातील काही सभासदांची मुले नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहतीत सी.एन.सी. लेथवर कामाला आहेत, तर एकदोघांनी कर्ज काढून स्वतःचे यंत्र मांडले आहे. माप हुकले की माल परत येतो, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून हा प्रपंच.

एका सभासदाच्या मुलाकडे पोलादी फोर्जिंगचे तुकडे 60 मि.मी. व्यासाला आणण्याचे काम होते. पहिल्या जाड कापाला कारखान्यात रफिंग म्हणतात. त्या कापानंतर एक तुकडा बरोबर, दुसरा 0.05 मि.मी.ने जाड, असा खेळ सुरू झाला. शेवटच्या कापातही ही चूक पुरती निघेना. दोष आला ऑपरेटरवर. हा तरुण जव्हार तालुक्यातील वावर गावचा. आपण शेताला वावर म्हणतो, तेच त्याच्या गावाचे नाव. "उद्यापासून येऊ नको," असे त्याला सांगायचे ठरले होते. मी शेतकीचा माणूस, लेथमधले मला काय कळणार? म्हणून आपल्या वर्कशॉपच्या फोरमनना सोबत नेले. बिगर हंगामात मिलचे रोलर लेथवर चढवणारे ते हात. त्यांनी जे दाखवले ते इथे देतो.

1. आधी वही, मग ऑफसेट. त्या पोराने प्रत्येक तुकड्याचा अनुक्रम, वेळ आणि माप वहीत टिपले होते. वहीवरून चुकीची जात कळते. माप एकाच बाजूला हळूहळू सरकत असेल तर इन्सर्टची झीज किंवा यंत्राचे तापणे पाहावे. सकाळी एक आणि दुपारी दुसरे माप येत असेल तर बहुधा उष्णताच. अचानक उडी मारत असेल तर काहीतरी ढिले आहे असे समजावे. इथे उडी होती. तीही जाड तुकडा लागला की, आणि पुढचा तुकडाही त्याच बाजूला चुके. मालक प्रत्येक तुकड्यामागे ऑफसेट बदलत असल्याने घोळ वाढतच गेला होता. कारण सापडेपर्यंत ऑफसेटला हात लावू नये.

2. रिकामी चाल आणि भाराखालची चाल वेगळी तपासावी. फोरमननी टूलला डायल लावून यंत्र दहा वेळा रिकामे चालवले. काटा दर वेळी शून्यावर आला. मग एक जाड काप घेऊन पुन्हा पाहिले, तर काटा 0.025 ने हटलेला. टूल 0.025 मागे सरकले की व्यास 0.05 ने वाढतो, कारण व्यासात चूक दुप्पट होते. हिशेब जुळला. होल्डर सोडवला तर बैठकीत लोखंडाचा बारीक चुरा आणि पाचर आवळणाऱ्या स्क्रूचे आटे झिजलेले. कुदळीची पाचर ढिली असली की मऊ मातीत कळत नाही, मुरमात दांडा हलतो. तसेच हे.

3. भार सारखा ठेवावा. नांगर कडक पट्ट्यात आला की वर उचलतो. टूलही जाड कापात मागे दबते. फोर्जिंगची जाडी कमीजास्त असेल तर दाबही कमीजास्त, आणि माप तसेच. म्हणून एक मोठा काप न घेता दोन घ्यावेत आणि शेवटच्या कापासाठी सगळीकडे सारखा माल शिल्लक ठेवावा. टूल गरजेपुरतेच बाहेर काढावे. तेवढ्याच भाराखाली दुप्पट बाहेर काढलेले टूल सुमारे आठपट वाकते.

4. पकड आणि उष्णता. चकचा दाब, जबड्यांची झीज, तुकडा मागे टेकला आहे की नाही, हे रोज पाहावे. तुकडा गरम असताना माप घेऊ नये. 60 मि.मी.चे पोलाद 40 अंशांनी तापले तर व्यास सुमारे 0.03 ने फुगतो. गार झाल्यावर तोच तुकडा बारीक भरतो.

5. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. खताच्या प्रयोगात आपण हेच करतो.

चुरा साफ केला, स्क्रू नवा घातला, काप दोन केले. मग सलग तुकडे मोजले, तर उडी गेली होती. तो तरुण कामावर राहिला. आता भिंतीला वही टांगलेली असते आणि मालकही तीत लिहितो.

एका सरीत ऊस खुजा राहिला म्हणून आपण सालदाराला हाकलत नाही. आधी पाणी, माती, बेणे पाहतो. यंत्राच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. माणसाला बोल लावण्यापूर्वी त्याची वही उघडून पाहावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी