खजुराची बी आणि खडा

खजुराची एक बी आणि तेवढाच एक खडा तळहातावर ठेवून पाहा. दोन्ही कठीण, दोन्ही निश्चल. मग बीला सजीव आणि खड्याला निर्जीव का म्हणावे?

वाढ ही सजीवाची खूण मानावी, तर खाऱ्या पाण्यात मिठाचा स्फटिकही वाढतो. परंतु स्फटिकावर बाहेरून थर चढतात. सजीव मात्र घेतलेल्या अन्नाचे आत रूपांतर करून स्वतःचे शरीर घडवितो. तो पेशींचा बनलेला असतो. श्वसनातून ऊर्जा मिळविणे, टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे, भोवतालच्या बदलांना प्रतिसाद देणे आणि वंश पुढे चालविणे ही त्याची लक्षणे होत.

बीमध्ये हे जीवन सुप्त असते. मृत समुद्राजवळील मसादा येथे 1960 च्या दशकातील उत्खननात खजुराच्या सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या. 2005 साली त्यांपैकी एक रुजली व तिचे झाड झाले. सूरह अल्-अन्आमची 95 वी आयत इथे आठवते. दाणा आणि खजुराची बी फोडणारा अल्लाहच आहे, तोच निर्जीवातून सजीव व सजीवातून निर्जीव बाहेर काढतो, असे ती सांगते.

सजीव व निर्जीव यांतील हा भेद केवळ पाठ करण्यासाठी नाही. खड्याला तहान लागत नाही, सजीवाला लागते. जिथे गरज आहे, तिथे आपली जबाबदारी सुरू होते. विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या आणि ते तहानलेल्या कुत्र्याला पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. जनावरांच्या सेवेतही मोबदला आहे काय, असे सहाबांनी (र.) विचारले, तेव्हा प्रत्येक जिवंत प्राण्याच्या बाबतीत तो आहे, असे उत्तर मिळाले. उलट, मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरली.

आणखी एका हदीसमध्ये आपल्या पालनकर्त्याचे स्मरण करणारा आणि न करणारा यांना जिवंत व मृत यांची उपमा दिली आहे. खाणे, वाढणे, श्वास घेणे ही शरीराच्या जिवंतपणाची लक्षणे झाली. अंतःकरण जिवंत आहे की नाही, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. ते शुष्क वाटले, तरी निराश होऊ नये. दोन हजार वर्षे कोरडी पडलेली बी अंकुरित करणाऱ्या अल्लाहला ते पुन्हा जिवंत करणे मुळीच अवघड नाही.